लोकांचा कौल आणि हद्दीपलीकडचे निर्णय

राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : भांडवल, माहिती आणि हवामान या तिन्ही गोष्टी देशांच्या हद्दी जुमानत नसतील, तर लोकशाहीची आपण पाठ केलेली व्याख्या आणि तिच्याभोवतीचे सिद्धान्त अजून टिकतात का, की ते बाजूला ठेवून नव्याने मांडणी करावी लागेल? राजकीय सिद्धान्त हा विषय बरीच वर्षे शिकवत असल्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या रूपांत येत राहिला आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. सिद्धान्त मोडीत काढण्याची गरज नाही. परंतु ते ज्या गृहीतकावर उभे आहेत ते उघड करून तपासावे लागते. तपासताना मत कोणाला आहे एवढेच पाहून भागत नाही. घेतलेला निर्णय पुढे बदलण्याचा अधिकार कोणाकडे उरला आहे, हा प्रश्न मी त्याहून महत्त्वाचा मानतो. मतदाराला सरकार बदलता येते, पण सरकार बदलूनही धोरण बदलता येत नसेल, तर त्या मताचा अर्थ काय राहतो, हा जागतिकीकरणाने लोकशाहीपुढे टाकलेला खरा पेच आहे.

विसाव्या शतकातील लोकशाहीचे सिद्धान्त एकमेकांशी कडाडून भांडले आहेत. अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुम्पीटर यांनी १९४२ मध्ये लोकशाहीची व्याख्या नेत्यांमधील मतांच्या स्पर्धेपुरती आणून ठेवली. सहभागवाद्यांनी ही व्याख्या तोकडी ठरवून नागरिकांच्या प्रत्यक्ष सहभागावर भर दिला, तर जर्मन तत्त्वज्ञ युर्गन हाबरमास यांच्या परंपरेने मतमोजणीच्या आधी होणाऱ्या सार्वजनिक चर्चेला केंद्रस्थानी आणले. भांडण कशाचेही असो, एक गोष्ट या सर्वांनी न बोलता मान्य केली होती : निर्णय घेणारे, त्या निर्णयाने बांधले जाणारे आणि त्याचे परिणाम भोगणारे लोक स्थूलमानाने एकच असतात आणि ते एका राज्याच्या हद्दीत राहतात. ब्रिटिश राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड हेल्ड यांनी १९९० च्या दशकात हे गृहीतक नेमके पकडले आणि आर्थिक परस्परावलंबनाच्या काळात लोकांची ही तिन्ही वर्तुळे एकमेकांवरून सरकली आहेत, असे दाखवून दिले.

येथे एक सावधगिरी हवी. ही वर्तुळे पूर्वी नीट जुळलेली होती आणि जागतिकीकरणाने ती विस्कटली, हे वाक्य युरोपीय आणि अमेरिकी लेखनातून जसेच्या तसे उचलले जाते. वसाहतींमधील कोट्यवधी लोकांवर ज्या संसदेचे कायदे लादले जात, त्या संसदेसाठी त्यांना मत नव्हते, आणि तरीही त्या देशांची गणना लोकशाहीत होत असे. वर्तुळांची जुळणी हा मूठभर देशांचा, तोही काही दशकांपुरता अनुभव होता. जे दुःख आज पॅरिस किंवा अथेन्समध्ये नवे वाटते ते इतरांच्या चांगल्या परिचयाचे आहे, एवढे भान ठेवले म्हणजे हरवलेल्या सुवर्णकाळाबद्दल गळा काढण्याची पाळी येत नाही.

लोकशाहीचा आवाका बदलण्याची ही पहिली वेळ नाही. प्राचीन अथेन्सच्या सभेत काही विशेष ठरावांसाठी ६,००० नागरिकांची उपस्थिती लागत असे, आणि अठराव्या शतकापर्यंत मोठ्या देशात गणराज्य टिकणार नाही, असे मोन्तेस्क्यूसारख्या विचारवंतांनाही वाटत होते. त्यातून वाट निघाली ती प्रतिनिधित्वाने, आणि प्रतिनिधित्व ही मुळात लोकशाही संस्था नव्हती; मध्ययुगीन राजांना करासाठी संमती हवी असे, त्या गरजेतून ती वाढली आणि लोकशाहीने ती नंतर आपलीशी केली. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट डाल यांनी राष्ट्रापलीकडच्या व्यवस्थेकडे याच साखळीतील पुढची कडी म्हणून पाहिले, मात्र त्यांनी आशावाद दाखवला नाही. १९९४ मध्ये त्यांनी मांडलेला पेच असा : राजकीय एकक लहान असेल तर नागरिकाच्या शब्दाला वजन असते, पण महत्त्वाचे प्रश्न त्या एककाच्या हाताबाहेर असतात, एकक मोठे केले तर प्रश्न आवाक्यात येतात, पण एकेका नागरिकाचे वजन जवळपास नाहीसे होते. आंतरराष्ट्रीय संघटना लोकशाहीवादी होऊ शकतील का, या प्रश्नाला त्यांचे उत्तर शेवटपर्यंत नकारार्थीच राहिले.

आता एक घटना जवळून पाहू, कारण या विषयावरचे बरेचसे लेखन हवेत तरंगते. जानेवारी २०१५ मध्ये ग्रीसच्या मतदारांनी कर्जाच्या बदल्यात लादलेल्या काटकसरीच्या अटींना विरोध करणाऱ्या सिरिझा पक्षाला सत्तेवर आणले. कर्ज देणाऱ्या संस्थांच्या नव्या अटी स्वीकाराव्यात का, यावर ५ जुलै २०१५ रोजी सार्वमत झाले आणि सुमारे ६१ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले. सार्वमताच्या दिवशी देशातील बँका बंद होत्या आणि एटीएममधून दिवसाला ६० युरोच काढता येत होते, कारण युरोपीय मध्यवर्ती बँकेने ग्रीक बँकांना मिळणाऱ्या आपत्कालीन निधीची मर्यादा वाढवण्यास नकार दिला होता. सार्वमतानंतर जेमतेम आठवड्याभराने, १३ जुलैला, त्याच सरकारने काही बाबतींत नाकारलेल्या अटींहूनही कडक अटी मान्य केल्या, आणि ऑगस्टमध्ये ८६ अब्ज युरोपर्यंतच्या तिसऱ्या कर्जकार्यक्रमावर शिक्कामोर्तब झाले. सप्टेंबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि तोच पक्ष पुन्हा निवडून आला.

शुम्पीटरची कसोटी लावली तर ग्रीस या परीक्षेत अगदी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होतो. एका वर्षात दोन निवडणुका, एक सार्वमत, मुक्त स्पर्धा, शांततेने सत्ताग्रहण. काही म्हणता काही कमी नाही. तरीही यात लोकशाही नीट चालली, असे म्हणायला जीभ रेटत नाही. किमान व्याख्येची उणीव येथे दिसते : स्पर्धा झाली की नाही एवढे ती तपासते, स्पर्धा जिंकणाऱ्याच्या हाती नेमके काय येते हे तपासत नाही.

मात्र या घटनेचे ‘लोकशाही विरुद्ध नोकरशाही’ असे जे सोपे वाचन केले जाते, तेही मला अपुरे वाटते. युरो वापरणारे आणखी १८ देश होते आणि त्यांचीही निवडून आलेली सरकारे होती. जर्मन संसदेने वाटाघाटी सुरू करण्यासाठी जुलैमध्ये आणि कर्जासाठी ऑगस्टमध्ये स्वतंत्र मतदान केले. स्लोव्हाकिया किंवा लाटव्हियाचा मतदार ग्रीक मतदाराइतकाच मतदार होता, आणि त्याचा देश ग्रीसपेक्षा श्रीमंतही नव्हता. ग्रीक जनतेचा कौल त्याच्या पैशावर कोणत्या न्यायाने बंधनकारक ठरावा? हा लोकांच्या एका समूहाचा दुसऱ्या समूहांशी असलेला संघर्ष होता, आणि तो सोडवण्याची सर्वांना मान्य असलेली लोकशाही पद्धत उपलब्ध नव्हती. जी जागा उपलब्ध होती ती म्हणजे युरोगट, अर्थात युरो देशांच्या अर्थमंत्र्यांची बैठक. युरोपीय संघाच्या लिस्बन कराराला जोडलेल्या पूरक दस्तऐवजानुसार ही बैठक अनौपचारिक आहे. तेथे अर्थमंत्री आपापल्या देशाला उत्तरदायी असतात, पण ती बैठक म्हणून कोणालाच उत्तरदायी नसते. तिला जाब विचारायचा तर कोणाकडे जावे, याचे ठिकाणच नाही. निर्णयाचे ठिकाण आणि जाब विचारण्याचे ठिकाण यांची फारकत हा माझ्या दृष्टीने या प्रकरणातील मुद्द्याचा भाग आहे.

निर्णय बदलण्याच्या अधिकाराविषयी मी जे म्हणालो, त्याचे अधिक उघडे उदाहरण गुंतवणूक-करारांमध्ये, म्हणजे परदेशी गुंतवणूकदारांना संरक्षण देणाऱ्या देशांमधील करारांमध्ये सापडते. ऑस्ट्रेलियाने २०११ मध्ये सिगारेटची पाकिटे एकसारख्या साध्या वेष्टनात विकण्याचा कायदा केला. देशाच्या उच्चतम न्यायालयाने २०१२ मध्ये तो वैध ठरवला. म्हणजे संसद झाली, न्यायालय झाले. तरीही फिलिप मॉरिसच्या आशियाई कंपनीने १९९३ च्या ऑस्ट्रेलिया–हाँगकाँग गुंतवणूक-कराराच्या आधारे देशावर आंतरराष्ट्रीय लवादापुढे दावा लावला. डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने तो ऐकण्यास नकार दिला, कारण वाद दिसू लागल्यावर कंपनीने केवळ करारातील संरक्षण मिळवण्यासाठी मालकीची फेररचना केली होती. ऑस्ट्रेलिया जिंकला हे खरे; पण दरम्यान न्यूझीलंडने स्वतःचा तसाच कायदा, या आव्हानांचे काय होते हे पाहण्यासाठी रोखून धरला आणि तो २०१६ मध्ये संमत केला. दावा न जिंकताही शेजारच्या देशातील कायदा काही वर्षे लांबवता येतो, हे मतपेटीच्या कोणत्याही सिद्धान्तात बसत नाही.

इटलीची गोष्ट याहून बोलकी आहे. हा देश ऊर्जा क्षेत्रातील गुंतवणुकीला संरक्षण देणाऱ्या ऊर्जा सनद करारातून १ जानेवारी २०१६ पासून बाहेर पडला. परंतु त्या करारात असे कलम आहे की, देश बाहेर पडला तरी आधीच्या गुंतवणुकीला पुढची २० वर्षे संरक्षण मिळत राहील. किनाऱ्याजवळच्या समुद्रातील तेल-उत्खननावर बंदी घातल्याबद्दल रॉकहॉपर या ब्रिटिश कंपनीने २०१७ मध्ये, म्हणजे इटली बाहेर पडल्यानंतर, दावा लावला आणि २०२२ मध्ये लवादाने तिला सुमारे १९ कोटी युरो देण्याचा निवाडा दिला. पुढे २०२५ मध्ये तो निवाडा रद्द झाला. रद्द होण्याचे कारण मात्र लवादाच्या रचनेतील दोष हे होते, वीस वर्षांचे कलम जागच्या जागी आहे. देश बाहेर पडला त्या दिवशी जन्मलेले मूल मतदार होईपर्यंतही त्या कलमाची मुदत सरत नाही. एका पिढीने पुढच्या पिढीचे हात बांधावेत का, हा वाद राज्यघटनांच्या संदर्भात अठराव्या शतकापासून चालत आलेला आहे. फरक इतकाच की, राज्यघटना बांधते तेव्हा ती दुरुस्त करण्याची रीतही स्वतःच सांगते आणि ती रीत त्याच लोकांच्या हाती देते.

हे वाचून राज्यसंस्था संपत चालली आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. हे करार वाऱ्यावर उडत आलेले नाहीत. सरकारांनी वाटाघाटी करून, सह्या करून ते आणले आहेत. सत्ता राज्याकडून जगाकडे गेली असे म्हणण्यापेक्षा ती कायदेमंडळाकडून कार्यकारी मंडळाकडे गेली, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाणारे आहे. वाटाघाटीच्या टेबलावर मंत्री आणि अधिकारी बसतात, मजकूर गोपनीय राहतो आणि तयार करार संसदेपुढे येतो तेव्हा ‘घ्या किंवा सोडा’ एवढाच पर्याय शिल्लक असतो. देशांतर्गत जे धोरण विरोधामुळे रेटता आले नसते, ते आंतरराष्ट्रीय बांधिलकीच्या नावाखाली घरी आणणे, ही तर अनेक सरकारांची आवडती युक्ती आहे. जागतिकीकरणाला नैसर्गिक आपत्ती समजणाऱ्या सिद्धान्तांनी या युक्तीवर नकळत पांघरूण घातले.

म्हणूनच जागतिक संसदेच्या आराखड्यांपेक्षा मला साध्या संसदीय रचना अधिक अभ्यासनीय वाटतात. डेन्मार्कच्या संसदेत युरोपीय व्यवहारांची एक समिती आहे. युरोपीय मंत्रिपरिषदेत महत्त्वाच्या विषयावर भूमिका घेण्याआधी मंत्र्याने या समितीपुढे यायचे, आपली वाटाघाटीची भूमिका सांगायची, आणि समितीतील बहुमत विरोधात नसेल तरच ती घेऊन पुढे जायचे. यात नाट्यमय काहीच नाही. पण मंत्र्याला परत येऊन ‘तिकडे तसे ठरले’ असे म्हणून मोकळे होता येत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये बेल्जियमच्या वालोनिया प्रदेशाच्या संसदेने युरोपीय संघ आणि कॅनडा यांच्यातील व्यापार-करार काही दिवस अडवून धरला, तो याच जातीच्या अधिकाराच्या जोरावर. गुंतवणूकदार आणि सरकार यांचे वाद सोडवणाऱ्या, करारातील न्यायाधिकरणाविषयी या संसदेने स्पष्टीकरणे मिळवली आणि हा भाग युरोपीय न्यायालयाकडे मतासाठी पाठवायला लावला. २०१९ मध्ये न्यायालयाने तो वैध ठरवला. सुमारे ३६ लाखांच्या प्रदेशाने ५० कोटींच्या संघाला थांबवावे हे लोकशाही की अडवणूक, यावर वर्गात दरवेळी दोन तट पडतात. मी स्वतः पहिल्या तटाकडे झुकतो, कारण वालोनियाने करार रोखला त्यापेक्षा त्याचे वाचन करायला सगळ्यांना भाग पाडले.

मोठ्या सैद्धान्तिक पर्यायांकडे आता वळतो. हेल्ड यांच्यासारख्या विश्वनागरिकत्ववाद्यांचा प्रस्ताव असा की, लोकशाहीच्या संस्था प्रश्नांच्या आकाराप्रमाणे स्थानिक, राष्ट्रीय, प्रादेशिक आणि जागतिक पातळ्यांवर उभाराव्यात आणि निर्णयाचा ज्याच्यावर परिणाम होतो त्याला त्यात स्थान द्यावे. तत्त्व म्हणून हे मनाला पटते. अडचण अशी की, परिणाम कोणावर होईल हे कोणता निर्णय होतो यावर अवलंबून असते, आणि निर्णय तर अजून व्हायचा असतो. शक्यतांचाही विचार करायचा म्हटले तर जवळपास प्रत्येक प्रश्नावर पृथ्वीवरील प्रत्येकाला मत द्यावे लागेल. यापेक्षा, जो सक्तीच्या नियमाने बांधला जातो त्याला मत, हे अरुंद तत्त्व हाताळायला सोपे आहे. त्याच तत्त्वाने न्यूझीलंडने १९७५ पासून कायम रहिवाशांना, ते नागरिक नसले तरी, राष्ट्रीय निवडणुकीत मताधिकार दिला आहे. पण हे अरुंद तत्त्व सीमेपलीकडून येणाऱ्या परिणामांपुढे गप्प बसते. ‘लोक’ कोण हे लोकांनी ठरवण्याआधी दुसऱ्या कोणीतरी ठरवलेले असते, हा ब्रिटिश घटनातज्ज्ञ आयव्हर जेनिंग्ज यांनी १९५६ मध्ये नोंदवलेला तिढा येथे पुन्हा डोके वर काढतो, आणि माझ्या समजुतीनुसार तो तर्काने सुटणारा नाही.

दुसरीकडे अर्थशास्त्रज्ञ डॅनी रॉड्रिक यांचा त्रिकोण आहे : संपूर्ण आर्थिक जागतिकीकरण, राष्ट्रीय सार्वभौमत्व आणि लोकशाही यांपैकी एका वेळी दोनच मिळतात. याचा प्रसार खूप झाला, कारण तो फळ्यावर काढता येतो. विचाराला चालना देण्यासाठी तो उत्तम आहे. मात्र प्रत्यक्षात तिन्ही गोष्टी कमीअधिक मात्रेत असतात आणि राजकारण त्या मात्रांवरच चालते. ऑक्टोबर २०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी बड्या कंपन्यांवर किमान १५ टक्के कर लावण्यास मान्यता दिली. अंमलबजावणी अडखळत चालली असली तरी, एकेकट्या देशाच्या हातून निसटलेली करआकारणीची ताकद देशांनी एकत्र येऊन परत मिळवण्याचा हा प्रयत्न होता. अशा वेळी सहकार्यामुळे सार्वभौमत्व घटले की वाढले, याचे उत्तर त्रिकोणात मिळत नाही.

जागतिक संस्थांच्या आतील मतांच्या वजनाबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सर्वज्ञात आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि अमेरिकेकडे साधारण साडेसोळा टक्के आहेत. याला नकाराधिकार म्हणतात, नाव काहीही द्या. जागतिक व्यापार संघटनेत प्रत्येक सदस्याला एक मत आहे, पण तिचे अपील मंडळ नव्या नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. कागदावरची समता आणि व्यवहारातील समता यांत अंतर असते, एवढेच यातून घ्यायचे.

या अंतराबद्दल सर्वांत मूलगामी विचार मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमध्ये दिसतो, आणि जागतिक लोकशाहीच्या चर्चेत त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते याचे आश्चर्य वाटते. लोकशाही ही केवळ शासनपद्धती नसून एकत्र जगण्याची, अनुभव वाटून घेण्याची रीत आहे, हे त्यांनी १९३६ मध्येच मांडले होते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी बजावले की, राजकारणात एक व्यक्ती एक मत, एक मत एक मूल्य आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती फार काळ चालू ठेवली तर राजकीय लोकशाहीच धोक्यात येईल. राष्ट्रापलीकडच्या संस्थांना ही कसोटी लावून पाहावी. युरोपीय संसदेच्या थेट निवडणुका १९७९ पासून होत आहेत, तिचे अधिकार दर कराराबरोबर वाढले, आणि तरीही मतदान १९७९ मधील सुमारे ६२ टक्क्यांवरून २०१४ मध्ये ४३ टक्क्यांच्या आत आले. २०१९ मध्ये ते पुन्हा निम्म्याच्या वर गेले हे नोंदवले पाहिजे. मताधिकार आणि अधिकार दोन्ही देऊनही आपलेपणा आपोआप येत नाही. २४ अधिकृत भाषांमध्ये विभागलेल्या वृत्तपत्रांचे वाचक एकाच वादात सहभागी आहेत असे त्यांना वाटले पाहिजे, आणि ते वाटण्यासाठी बंधुता लागते, जी कायद्याने निर्माण करता येत नाही. एकच ‘लोक’ घडवण्याऐवजी अनेक लोकसमूहांनी आपले वेगळेपण राखून एकमेकांना उत्तरदायी राहावे, ही अलीकडची मांडणी मला म्हणूनच अधिक वास्तव वाटते. ग्रीस प्रकरणात अथेन्स आणि स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लावा येथील संसदांना एकमेकींसमोर आपापली कारणे मांडावी लागली असती, तर निकाल कदाचित तोच लागला असता. पण हरणाऱ्याला आपण कोणाशी आणि कशावर हरलो, हे कळले असते.

माझी कसोटी कुठे अपुरी पडते, हेही सांगितले पाहिजे. निर्णय फिरवता येणे ही लोकशाहीची खूण मानली, तर कर आणि करारांबाबत ती चालते. हवामानाबाबत ती चालत नाही. वातावरणात सोडलेला कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके तेथे राहतो, कोणतेही नवे बहुमत तो परत बोलावू शकत नाही. त्याचे परिणाम भोगणाऱ्या तुवालू किंवा वानुआतू या पॅसिफिक महासागरातील छोट्या बेटदेशांच्या नागरिकाला उत्सर्जन करणाऱ्या देशांत मत नाही, आणि ज्यांचा अजून जन्म व्हायचा आहे त्यांना कुठेच नाही. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेआधी जगभरातून सोडत काढून १०० जणांची एक नागरिक सभा भरवली गेली होती. प्रयोग चांगला होता, परंतु तिच्या शिफारशींना उत्तर देण्याचे बंधन कोणावरही नव्हते. आयर्लंडमध्ये २०१६ नंतर अशीच सोडतीने निवडलेली ९९ नागरिकांची सभा गर्भपाताच्या प्रश्नावर परिणामकारक ठरली, कारण तिच्यामागे संसद होती आणि २०१८ चे सार्वमत होते. वानुआतूने वेगळा मार्ग धरला : २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतून हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवायला लावला आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने हवामानाचे रक्षण करणे हे राज्यांचे कायदेशीर कर्तव्य असल्याचे मत दिले. ते मत सल्लावजा आहे. तरी ज्यांना तिकडच्या मतपेटीत प्रवेश नाही, त्यांनी बलाढ्य देशांना आपली बाजू भर न्यायालयात मांडायला लावली. फिरवता न येणाऱ्या निर्णयांपुरती तरी माझी अपेक्षा आता अशी आहे की, जाब नंतर विचारण्यावर भिस्त न ठेवता समर्थनाची जबाबदारी निर्णयाच्या आधीच आणि परक्यांपुढेही टाकली जावी. ती टाकणारी संस्था संसद असेल, न्यायालय असेल की सोडतीची सभा असेल, यावर सिद्धान्तकारांचे अजून एकमत नाही, आणि प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी विषय हवा असेल तर तो येथे आहे.